फऽ खायचं कसं: भुरका मारता येणाऱ्या माणसासाठी सविस्तर

दिवाळीपासून चार जणांनी फोन करून एकच विचारलं. व्हिएतनामला चाललोय, ते शेवया घातलेलं पातळ कायतरी, फऽ का फो, असतंय ते खायचं कसं, आणि त्यात नेमकं काय असतंय. आता लातूर-नांदेडकडून पण लोक तिकडं जायलेत, मुंबईहून थेट विमान आहे. दरवेळी अर्धा अर्धा तास तेच सांगून घसा बसायलाय म्हणून एकदाच सगळं टाईप करून ठेवतो. ज्याला जायचंय त्यानं वाचा, ज्याला नाही जायचं त्यानं पण वाचा, पुण्या-मुंबईत पण मिळतंय आता.

माझी ओळख एवढीच की मी मूळचा लातूरचा, नोकरी वाळूजला. कंपनीनं मशीन बसवायला चार महिने हो ची मिन्ह सिटीच्या बाजूच्या इंडस्ट्रियल पट्ट्यात पाठवलं होतं. रूमच्या खालीच गल्लीत एक दुकान होतं, वर शटर, आत सहा टेबलं, पहाटे साडेपाचला पातेल्यातनं वाफा निघायच्या. मालकीणबाई पन्नाशीच्या, एक शब्द इंग्रजी नाही. तिथं मी शंभरच्या आसपास वाट्या खाल्ल्या असतील.

आणि पहिल्या दिवशी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाहीत. वाटी समोर आली, रस्सा दिसला पिवळसर पांढरा, एकदम साधा. मला वाटलं ह्याच्यात तर तिखटच नाही. टेबलावर लाल बाटली होती ती अर्धी ओतली, काळी बाटली होती ती पण ओतली, दोन लिंबाच्या फोडी पिळल्या, वरून मिरच्या. चमचाभर तोंडात घेतलं तर ते ना तिखट, ना आंबट, ना गोड, सगळं मिळून लग्नातल्या पंगतीत उरलेलं एका पातेल्यात ओतल्यासारखं. बाई लांबून बघत होत्या. आल्या, वाटी उचलली, आत गेल्या, दुसरी भरून आणली. बाटल्या हातानं लांब सरकवल्या आणि चमचा माझ्या हातात दिला, की आधी नुसतं पी. पैसे एकाच वाटीचे घेतले.

त्या दिवशी नुसतं प्यायलो आणि मग डोक्यात उजेड पडला. तो रस्सा साधा दिसतो फक्त.

आधी नाव

फो नाही. फो म्हणलं तर ते समजून घेतात, पण खरा उच्चार "फऽ" असा, आणि शेवटी आवाज जरा खाली नेऊन वर उचलायचा, जसं आपण कुणी कायतरी अशक्य सांगितलं की "हंऽ?" म्हणतो तसं. बोर्डावर बघितलंत तर पी, एच आणि ओ अशी अक्षरं दिसतील, ओ ला बाजूला बारीक शेपटी आणि डोक्यावर प्रश्नचिन्हासारखा आकडा. तो आकडा म्हणजेच आवाज वर न्यायची खूण.

हा पदार्थ लै जुना नाही. उत्तरेत हनोई आणि नाम दिन्ह ह्या भागात 19व्या शतकाच्या शेवटी नाहीतर 20व्याच्या सुरवातीला तयार झाला असं मानतात. फ्रेंचांचं राज्य होतं, त्यांना बीफ लागायचं, मग हाडं उरायची, ती उकळून त्यात तांदळाच्या शेवया. नाव फ्रेंच शब्दावरून आलं का चिनी शब्दावरून ह्यावर तिथं अजून भांडणं होतात, आपल्याकडं पुरणपोळी कुणाची ह्यावर होतात तशी. मग 1954 ला देशाचे दोन तुकडे झाले, उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत आले, येताना फऽ घेऊन आले, आणि दक्षिणेत पालेभाज्या स्वस्त, साखर मुबलक, तर तिथं त्याच्यात हिरवा पाला आणि सॉस आले. 1975 ला युद्ध संपल्यावर जे लोक देश सोडून अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलियाला गेले त्यांनी तो दक्षिणेचा प्रकार जगभर नेला. म्हणून पुण्यात काय नि कॅलिफोर्नियात काय, बऱ्याचदा पाला आणि बाटल्यावालाच फऽ समोर येतो. हनोईत गेलात आणि पाल्याचं ताट आलं नाही तर कंजूषपणा म्हणू नका, तिथली पद्धतच तशी, बारीक कापलेला पातीचा कांदा, व्हिनेगरमधला लसूण, मिरची, झालं. सोबत बुडवायला तळलेल्या पिठाच्या काड्या मात्र मिळतात, त्याला "क्वाय" म्हणतात, चहात बटर बुडवतो तसं रश्श्यात बुडवायचं. सोडू नका ते.

दुकान कसं ओळखायचं

मोठं हॉटेल नको. एसी, मेन्यूकार्ड, सतरा पदार्थ, तिथं जाऊ नका. ज्या दुकानात एकच पदार्थ मिळतो तिथं जा. दुकानाच्या तोंडाशी कंबरेएवढं पातेलं असतं, बाजूला काचेचं कपाट, आत उकडलेल्या कोंबड्या नाहीतर मांस टांगलेलं. हे कपाट बघून घाबरू नका, पण नीट बघा, कारण तिथूनच कळतं की आत काय मिळतंय. नुसत्या कोंबड्या टांगलेल्या असतील तर ते चिकनवालं दुकान.

वेळ सकाळची. आपल्याकडं जशी सुशीला नाहीतर पोहे खायची वेळ, तीच फऽ ची. सहा ते नऊ. रात्रभर उकळलेला रस्सा सकाळी ताजा असतो आणि चांगल्या दुकानात दहा-अकराला संपतो पण. संध्याकाळी पण मिळतो, वाईट नसतो, पण सकाळी कामाला जाणारी माणसं, शाळेच्या गणवेशातली पोरं, म्हाताऱ्या असे सगळे एका लायनीत भुरके मारायलेत ते बघत खाण्यात जी मजा आहे ती संध्याकाळी नाही.

बुटकी प्लास्टिकची स्टुलं असतात, आपल्या आंघोळीच्या स्टुलाएवढी. गुडघे दुखत असतील तर जरा उंच खुर्च्यावालं दुकान बघा. जागा दिसेल तिथं बसायचं, टेबलावर आधीच कुणी बसलेलं असलं तरी चालतं, कुणी वाईट वाटून घेत नाही.

हाक कशी मारायची

हे मला सगळ्यात जास्त आवडलं म्हणून जरा सांगतो. तिथं अनोळखी माणसाला पण नात्यानंच हाक मारतात, हुबेहूब आपल्यासारखं. आपल्यापेक्षा थोडा मोठा पुरुष "आन्ह" म्हणजे दादा, थोडी मोठी बाई "ची" म्हणजे ताई, लहान असेल तर "एम". आईबापाच्या वयाची बाई "को", आणि को म्हणजे चक्क आत्या. पुरुष असेल तर "चू", म्हणजे काका. शेवटी "ओई" लावायचं, आपलं "ओ आत्या" तसं "को ओई". हाक जोरात मारायची, हळू मारली तर कुणी बघत नाही. मी आमच्या मालकीणबाईंना तिसऱ्या दिवसापासून "को ओई" म्हणायला लागलो आणि त्या दिवसापासून वाटीत दोन तुकडे जास्त यायला लागले. एक्सक्यूज मी म्हणून कधीच आले नसते.

मागवायचं काय (हे नीट वाचा, इथंच गडबड होते)

नुसतं "फऽ" म्हणलात तर बहुतेक ठिकाणी बीफ येतं. मूळ पदार्थच तो. ज्यांना चालतं त्यांनी "फऽ बो" मागवावं, बो म्हणजे गाय-बैलाचं मांस. त्यात पण प्रकार आहेत, "ताय" म्हणजे कच्चे पातळ काप जे वाटीतच उकळत्या रश्श्यानं शिजतात, "चीन" म्हणजे आधीच शिजवलेलं, "बो विएन" म्हणजे गोळे. ज्यांना सगळं हवं त्यांनी "दाक बिएत", म्हणजे आपल्याकडं जशी स्पेशल थाळी. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासून आणि बैलाच्या कत्तलीवर 2015 पासून कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं पुण्या-मुंबईत मिळतो तो बहुतेक चिकन, प्रॉन्स नाहीतर व्हेज असतो, पण मेन्यूत नुसतं फऽ लिहिलेलं दिसलं तर एकदा विचारून घ्या.

ज्यांना बीफ चालत नाही, म्हणजे आपल्यातले बरेचजण, त्यांनी दोन शब्द पाठ करा, "फऽ गा". गा म्हणजे कोंबडी. उच्चार "गा" असा सपाट आणि खाली पडता. नुसता चिकनचाच फऽ विकणारं दुकान शोधा, कारण जिथं दोन्ही मिळतं तिथं कधी कधी वरचे तुकडे कोंबडीचे आणि खालचा रस्सा बीफच्या हाडाचा असतो. विचारताना लाजू नका. चिकनचा फऽ दुय्यम आहे असं पण नाही, 1939 च्या आसपास हनोईत आठवड्यातले दोन दिवस बीफ विकायला बंदी होती म्हणून दुकानदारांनी कोंबडी घातली आणि लोकांना ती आवडली असं सांगतात. मी चार महिने बहुतेक तोच खाल्ला.

आता शाकाहारी मंडळी. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा शब्द "चाय". हो, चाय. तिथं चाय म्हणजे चहा नाही, चाय म्हणजे शाकाहारी. आणि चहाला हनोईकडं म्हणतात "चा", आपल्या आज्जीसारखं. माझा एक सहकारी, जालन्याचा, पहिल्या आठवड्यात चाय चाय करत फिरत होता आणि त्याला सगळीकडं टोफू मिळत होता.

साध्या दुकानात जाऊन "मांस नको" म्हणू नका. ते बिचारे मांस काढून देतील, रस्सा हाडाचाच राहील. आणि नुक माम म्हणजे फिश सॉस, छोटे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी, ते तर जवळजवळ प्रत्येक पातेल्यात असतं, वास आला नाही तरी. म्हणून "क्वान चाय" शोधायचं, बोर्डावर सी-एच-ए-वाय ही चार अक्षरं. असली दुकानं गल्लोगल्ली असतात, कारण बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, म्हणजे साधारण आपली अमावस्या आणि पौर्णिमा. त्या दोन दिवशी साध्या दुकानात पण चाय मिळायची शक्यता जास्त. जायच्या आधी कालनिर्णय बघून घ्या, गंमत नाही करायलो. कट्टर चायवाले तर कांदा-लसूण पण घालत नाहीत, त्यामुळं माळकरी माणसाचं पण पोट भरतं. त्यांचा रस्सा मुळा, गाजर, मक्याचं कणीस, मशरूम असलं उकळून करतात, वर टोफू आणि मशरूम. "तोई आन चाय" म्हणजे मी शाकाहारी खातो, एवढं वाक्य पाठ करून जा, आणि मोबाईलवर लिहून पण ठेवा कारण आपला उच्चार त्यांना कळेलच असं नाही.

वाटी आली. थांबा.

दक्षिणेत वाटीच्या आधी नाहीतर बरोबर एक ताट येतं. त्यात मोड आलेल्या मुगाचे लांब पांढरे कोंब (आपली मटकी-मूग असते तशी बुटकी नाही, बोटभर लांब), तुळशीच्या जातीचा पाला ज्याला बडीशेपेचा वास येतो, करवतीसारख्या कडा असलेलं लांब पान जे वासाला कोथिंबीरच पण चौपट उग्र, लिंबाच्या फोडी आणि लाल मिरचीच्या चकत्या. ह्याचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी लागत नाहीत. बाजूला टोपलीत खायच्या काड्या (चॉपस्टिक्स) आणि चमचे उभे असतात, एक एक काढून कागदानं पुसून घ्यायचं, सगळेच पुसतात, त्यात कुणाचा अपमान नाही.

ह्याच्यापुढं क्रम चुकवू नका.

चमच्यानं नुसता रस्सा प्या. दोन-तीन चमचे, काहीही न घालता. ह्याच्यात काय आहे ते सांगतो म्हणजे तुमचा विश्वास बसंल. हाडं सहा तास, आठ तास, कुठं कुठं त्याच्यापेक्षा जास्त मंद आचेवर. कांदा आणि आलं जाळावर धरून काळं होईपर्यंत भाजलेलं. आणि मसाला? चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, धने, बडीशेप. वाचा परत. दगडफूल, खोबरं, तीळ आणि मिरची सोडली तर हा आपला काळा मसालाच आहे हो. आपण तो तेलात तळून, कुटून, डाळीत नाहीतर मटणात घालतो आणि वर तर्री आणतो, ते लोक तेच खडे मसाले फडक्यात बांधून पातेल्यात सोडतात आणि शेवटी काढून टाकतात. वास राहतो, मसाला दिसत नाही. चक्रीफूल तर त्यांच्याच डोंगरात होतं, उत्तरेला लांग सोन म्हणून प्रांत आहे तिथं, आणि आपल्या किराणा दुकानातलं पण बऱ्याचदा तिकडूनच आलेलं असतं. मला तो वास दुसऱ्यांदा प्यायल्यावर ओळखू आला, आणि एकदम आईनं येसर करायला मसाला भाजायला घेतलाय असं वाटलं. घरापासून तीन-साडेतीन हजार किलोमीटरवर.

म्हणून म्हणतो आधी नुसता प्या. लाल सॉस ओतल्यावर हे काहीच कळत नाही.

मग काड्यांनी शेवया खालून वर उचलून सोडायच्या, दोन-तीनदा. तांदळाच्या असतात, चपट्या, पातेल्यातून निघाल्या की एकमेकींना चिकटून गोळा होतो. "ताय" मागवलं असंल तर वरचे लाल काप चमच्यानं रश्श्यात दाबा, रस्सा गरम आहे तोवरच शिजतात. फोटो काढायचा असेल तर ह्याच्या आधी, आणि एकच. वाटी थंड करून फोटो काढणारे लोक मी लै बघितले.

मग पाला. देठ ठेवून पानं हातानं तोडून टाका, एकदम सगळी नाही, थोडी थोडी, कारण पहिल्या मिनिटाला टाकलेलं पान दहाव्या मिनिटाला काळं पडतं. कोंब कच्चे आवडत नसतील तर आधीच सांगितलं की गरम पाण्यात बुचकळून देतात. मला कच्चेच आवडतात, कुरकुर लागतात.

मग लिंबू, पण एक फोड. चाखा. लागलं तर दुसरी. मिरचीच्या चकत्या दोन टाका. आपण ठेचा खाणारे लोक, आपल्याला काय होतंय असं वाटतं, पण ती बारकी मिरची दाताखाली आली की बोलणं बंद होतं. रश्श्यात राहू द्यायची, खायची नाही.

आणि बाटल्या. काळी म्हणजे होइसिन, सोयाबीनचा गोड दाट सॉस. (आपण लातूरवाले सोयाबीन पिकवायचं, आडतीवर भाव बघून डोक्याला हात लावायचा, आणि तिकडं त्याचा सॉस करून टेबलावर फुकट ठेवलेला.) लाल म्हणजे मिरचीचा सॉस. ह्या दोन्ही वाटीत ओतायच्या नाहीत. बारकी बशी मागा नाहीतर टेबलावर असते, तिच्यात दोन्ही थोडं थोडं घ्या, आणि मांसाचा तुकडा नाहीतर टोफू त्यात टेकवून खा. वाटीत ओतणारे स्थानिक लोक पण आहेत, कुणी पोलीस बोलवत नाही, पण रस्सा ज्यानं आठ तास उकळला त्याच्या तोंडाकडं बघा एकदा.

काड्या आणि भुरका

काड्यांची भीती काढून टाका. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात बसवायची आणि अनामिकेवर, म्हणजे करंगळीच्या शेजारच्या बोटावर टेकवायची. ती हलतच नाही, खुंट्यासारखी गाडलेली. वरची काडी पेन धरतो तशी अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात, हलते ती फक्त हीच. दोन्हीची टोकं सारखी करा, टेबलावर टक करून. जास्त खाली धरू नका, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात धरा. घरी भिजवलेल्या शेंगदाण्यावर आठवडाभर सराव करा, शेंगदाणा उचलता आला की शेवया म्हणजे काहीच नाही. नाहीच जमलं तर काटा मागा, देतात.

अडचण वेगळीच आहे. काड्या उजव्या हातात आणि चमचा डाव्या हातात. डाव्या हातानं खायचं म्हणजे आपल्या आज्जीनं फुंकणी फेकून मारली असती, दोन दिवस मला अवघडल्यासारखं व्हायचं. पण पद्धत तीच आहे. काड्यांनी शेवया उचला, चमच्यावर थोड्या घ्या, वर एक पान, मांसाचा तुकडा, रश्श्यात चमचा जरा बुडवा आणि एका घासात. नाहीतर सरळ वाटीवर वाका, शेवया तोंडाला लावा आणि ओढा. वाटीवर वाकायला लाजायचं नाही, ताठ बसून खाल तर शर्ट जाईल.

आणि ओढताना आवाज करा. आपल्याला भुरका शिकवायला कुणी लागत नाही, ताकभात आणि आमटी भुरका मारूनच खाल्लेली माणसं आपण, फक्त शहरात आल्यावर चारचौघात आवाज होऊ नये म्हणून तोंड मिटून खायला शिकलो. इथं ते विसरा. भुरक्यानं शेवयांबरोबर हवा जाते, चटका कमी लागतो आणि वास नाकात जास्त चढतो, त्यामागं तेवढं साधं कारण आहे. शेवया मधेच दातानं तोडल्या तरी चालतं, बाकीच्या चमच्यात सोडा.

एक सांभाळा, काड्या वाटीत उभ्या खोचून ठेवू नका. मेलेल्या माणसापुढं उदबत्त्या लावतात तशा दिसतात त्या, तिथं अशुभ मानतात. काम झालं की वाटीवर आडव्या ठेवायच्या.

वेळ किती घ्यायचा? पंधरा मिनिटं, वीस म्हणजे लै झालं. गप्पा नंतर. शेवया रस्सा पीत राहतात, फुगतात आणि मग लापशी होते. तिथले लोक दहा मिनिटात उठतात.

शेवटी रस्सा उरतो. वाटी उचलून तोंडाला लावलेली चालते, कुणी बघत पण नाही. सगळा संपवलाच पाहिजे असं काही नाही, मीठ बरंच असतं त्यात, अजिनोमोटो पण असतो बऱ्याच ठिकाणी, बीपीवाल्यांनी सोडून द्यावा. मला मात्र सोडवत नाही. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या गावचा माणूस मी, पातळ काही टाकून उठायचं म्हणलं की जीव होत नाही.

प्यायला आणि पैसे

सोबत "त्रा दा" मागा, म्हणजे बर्फाचा कोरा चहा, दूध नाही साखर नाही, काही ठिकाणी फुकट नाहीतर अगदी किरकोळ पैशात. बर्फ नळीसारखा, मधे भोक असलेला असेल तर तो फॅक्टरीचा, मला त्यानं कधी त्रास झाला नाही. फोडलेला ढेकळासारखा बर्फ दिसला तर बिनबर्फाचं मागा. जेवण झाल्यावर शेजारच्या टपरीवर कंडेन्स्ड मिल्कची बर्फाची कॉफी प्या, तो वेगळा विषय आहे.

टेबलावर सीलबंद ओला रुमाल असतो. फोडला की त्याचे पैसे लागतात, थोडेच, पण नंतर वाद घालू नका. वाटी साधारण 50 ते 80 हजार डोंगला, आणि हजार ऐकून छातीत धस्स होऊ देऊ नका, एका रुपयाला 300 च्या आसपास डोंग येतात, म्हणजे पावणेदोनशे ते पावणेतीनशे रुपये झाले. नोटांवर शून्यं लै असतात, 20 हजाराची आणि 5 लाखाची नोट रंगानं सारखी निळसर दिसते, अंधारात देताना दोनदा बघा, हे मी पैसे मोजून शिकलोय. बिलासाठी "तिन् तिएन" म्हणायचं. टीप द्यायची पद्धत नाही, सुट्टे परत देतात ते गुपचूप घ्या.

जमलं तर हो ची मिन्ह सिटीत "फऽ बिन्ह" नावाचं दुकान बघून या. दिसायला साधंच, पण युद्धाच्या वेळी खाली अमेरिकन सैनिक फऽ खायचे आणि वरच्या मजल्यावर त्यांच्याच विरोधातल्या लोकांच्या गुप्त बैठका चालायच्या, 1968 च्या तेत हल्ल्याचा (तेत म्हणजे त्यांचं नववर्ष, तेव्हा शहराशहरांवर झालेला मोठा हल्ला) शहरातला हुकूम तिथूनच सुटला. मी वरची खोली बघितली, खाली येऊन वाटी मागवली. आणि बेन थान्ह मार्केटजवळ "फऽ 2000" आहे, तिथं 2000 साली बिल क्लिंटन येऊन खाऊन गेले, ते दुकान अजून त्याच्यावरच चालतंय असं मला वाटतं. चवीला आमच्या मालकीणबाईंचा उजवा.

घरी करायचं असेल तर

थोडक्यात सांगतो. एक किलो कोंबडी हाडासकट, साडेतीन लिटर पाणी. दोन कांदे आणि बोटभर आलं गॅसवर वांगं भाजतो तसं काळं करून, वरचं जळलेलं पुसून टाकायचं. तीन चक्रीफूल, एक दालचिनीचा तुकडा, तीन लवंगा, एक मसाला वेलची, चमचाभर धने कोरडे भाजून फडक्यात बांधायचे आणि सगळं पातेल्यात सोडायचं. उकळी आली की फेस काढत राहायचं, झाकण नाही लावायचं, आच एकदम बारीक, खदखदा उकळलं की रस्सा गढूळ होतो. पाऊण तासानं कोंबडी काढून मांस सोडवायचं, हाडं परत पातेल्यात, अजून तासभर. मीठ आणि चिमूटभर साखर. कुकर वापरू नका, मी वापरून बघितलाय, चव येते पण तो निवळ रंग येत नाही. चपट्या तांदळाच्या शेवया ऑनलाईन मिळतात, अर्धा तास कोमट पाण्यात, मग उकळत्या पाण्यात मिनिटभर. त्यांच्या तुळशीऐवजी आपल्या दारातली तुळस घालू नका, कडू लागतं, आणि घरचे ओरडतील ते वेगळंच. कोथिंबीर आणि पातीचा कांदा पुरे.

मी मागच्या महिन्यात केलं होतं. वडिलांनी पहिला चमचा घेतला, थांबले, म्हणाले, "मसाला तर घातलेला दिसत नाही आणि वास कामून येतोय?" मग काळ्या मसाल्याची बरणी मागितली. मी सांगायला गेलो की आधी नुसतं प्या, तेवढ्यात दोन चमचे टाकून झाले होते. वर भाकरी कुस्करली. ताट चाटूनपुसून संपवलं आणि म्हणाले चांगलं झालंय, फक्त शेवया घालायची गरज नव्हती.